हात चालू ठेव

१

माझ्या घरात पंखा दोनवर फिरतो. नवागामला आईबाबांच्या घरी तो कधी पाचवर असायचा, कधी बंद. ज्याचा हात आधी बटणापर्यंत पोचेल त्याचं राज्य. इथे माझंच राज्य आहे. ट्यूबलाइट मी काढून टाकली, कारण ती गुणगुणते आणि तिचं गुणगुणणं माझ्या दातांत शिरतं. पिवळा बल्ब आहे, तो गप्प असतो. ताटात भात एका बाजूला, भाजी दुसऱ्या बाजूला, मध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा बघून मला इतका आनंद होतो की पहिल्या आठवड्यात मी जेवताना रोज हसत होते. कोणी विचारलं नाही, काय झालं हसायला. विचारायला कोणी नव्हतंच ना.

मी स्वप्ना. तिशी उलटली आहे. सुरतेत पर्वत पाटिया भागात एका दुकानात साड्या तपासते, डाग किंवा तुटका धागा असलेली साडी बाजूला काढते. दुपारनंतर घरी येते. मला ऑटिझम आहे, हे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई रडली आणि माझा धाकटा भाऊ लोकेश म्हणाला, "आता कळलं तू अशी का." मी म्हणाले, मला आधीपासून माहीत होतं मी कशी, कळलं ते तुला.

हे घर भाड्याने घेण्यासाठी मी जे भांडले, ते माझं मलाच माहीत. शेवटी लोकेशने दोन अटी घातल्या. एक, घरात परका माणूस घ्यायचा नाही. एकटी राहणार म्हणतेस तर एकटीच राहायचं. दुसरी, एकदा जरी घाबरून फोन केलास तर मी टेम्पो घेऊन येणार, सामान भरणार, विषय संपला. भीमजयंतीपर्यंत निभावलं तर घर तुझं. मी हो म्हटलं. मला घाबरवण्यासारखं काय असणार होतं? माझ्या घरात तर फक्त मीच होते.

२

आता बाबांच्या बोटांबद्दल सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाबा, म्हणजे भाऊराव, भुसावळकडून सुरतेला आले ते मागावरच लागले. मागांच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्यात आवाज असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून कारीगर बोटांनी बोलतात. निदान बाबांच्या खात्यात तरी बोलायचे. दोन बोटं जोडून तोडली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा. आणि सगळ्यात कामाची खूण शेठची. दोन कारीगर समोरासमोर उभे असतात, मध्ये माग. तुझ्या मागे कोण आलं ते तुला दिसत नाही, समोरच्याला दिसतं. तो दोन बोटं स्वतःच्या खांद्यावर ठेवतो: मागे कोणीतरी आहे. मग पालथा तळवा खाली दाबतो: वळू नकोस. मग दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवतो: हात चालू ठेव. आणि मागचा निघून गेला की बाहीवरची धूळ झटकावी तसं झटकतो: गेला.

मी शाळेत जायला लागले तरी बोलत नव्हते. आई नवस सोडून सगळं करून बसली. नवस आमच्यात नसतो. बाबांचे कान तोवर अर्धे गेलेच होते. एका संध्याकाळी त्यांनी सहज अंगठा ओठाला लावला आणि मी आत जाऊन चहाचा कप घेऊन आले. आई सांगते, बाबा त्या दिवशी कप हातात घेऊन नुसते बसून राहिले, चहा गार झाला. मग आम्ही दोघं बोटांनीच बोलायचो. तोंडाने मी नंतर बोलायला लागले आणि आता तर थांबत नाही. पण घाबरले की तोंड बंद पडतं, बोटं चालतात. लोकेशला ही भाषा येत नाही. त्याला तोंड होतं, त्याला गरजच पडली नाही.

३

ही खोली कोणी घेत नव्हतं, कारण ओट्यासमोर खिडकी, खिडकीसमोर हातभर गल्ली आणि गल्लीपलीकडे मागांचं खातं. दिवसभर खटाखट. घरमालक मगनकाका मला खोली दाखवताना ओरडून बोलत होते आणि खिडकी लावून घेत होते. मी ती परत उघडली. मला कुकरची शिटी सहन होत नाही, कोणी स्टीलचा चमचा खाली टाकला तर अंगावर काटा येतो, पण मागांच्या आवाजात मी जन्मले आहे. तो एकसारखा असतो, दगा देत नाही. मी तिथल्या तिथे म्हटलं, घेतली.

एका दुपारी भेंडी चिरताना समोर बघितलं तर खात्याच्या जाळीच्या खिडकीत एक माणूस माझ्याकडे बघत होता. बनियन, गळ्यात रुमाल, पन्नाशीचा. बघत होता म्हणून मला राग आला. मग त्याने अंगठा ओठाला लावला.

अहो, मला काय झालं काय सांगू. एखाद्या परक्या गावात कोणी आपलं घरातलं नाव घेऊन हाक मारावी तसं झालं. तो त्याच्या समोरच्या कारीगराला चहा विचारत होता, मला नाहीच. पण मी सुरी ठेवली आणि अंगठा ओठाला लावला. तो चकित झाला. मग हसला आणि दोन बोटं जोडून तोडली: धागा तुटला. मी विचारलं, कितवा? त्याने कपाळाला हात लावला.

त्या दिवसापासून दुपार झाली की मी ओट्याशी उभी राहायची. डाळीला फोडणी देता देता गप्पा. तोंड नाही, नाव नाही, डोळ्यात डोळे घालून बघायची सक्ती नाही. माझ्या घरात, माझ्या भाषेत, माझ्या वेळेला. मी आईला फोनवर सांगितलं की मी फार मजेत आहे. आई म्हणाली, "इतकी मजेत राहू नकोस, नवागामला विसरशील."

४

होळीच्या आसपासची गोष्ट. मी कणीक मळत होते. समोर त्याने सहज वर बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. मग दोन बोटं खांद्यावर. पालथा तळवा खाली. मुठी एकमेकींभोवती.

मागे कोणीतरी आहे. वळू नकोस. हात चालू ठेव.

मला आधी हसू आलं. माझ्या मागे कुठला शेठ? ह्या घराची सगळी गंमतच ही की माझ्या मागे कोणी नाही. त्याची काहीतरी मस्करी. पण बघा, लहानपणी शिकवलेलं अंगात मुरलेलं असतं. खूण झाली की वळायचं नाही. वळलास तर शेठला कळतं की तू गप्पा मारत होतास. मी वळले नाही. कणीक मळत राहिले. ती पोळ्यांची होती, पण रबरासारखी होईपर्यंत मळली.

मग त्याने बाही झटकली. गेला.

तेव्हा मी वळून बघितलं. मागे भिंत. भिंतीला खाट, खाटेवर माझी निळी चादर. दाराला आतून कडी. न्हाणीघराचं दार उघडं, आत बादली. मी परत समोर बघितलं तर तो खाली मान घालून काम करत होता. बेशरम माणूस, म्हटलं. मला घाबरवतो.

५

पण एक गोष्ट मला खटकली आणि ती मी तुम्हाला सांगितली नाही तर ते खोटं होईल.

ओट्याशी उभं राहिलं की मागांचा आवाज खिडकीतून येतो, माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे जातो, मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत येतो. पुढून खट, मागून खट. इतरांना तो एकच गोंगाट वाटतो. मला दोन वेगळे आवाज ऐकू येतात. मागचा जरा मऊ असतो. मला तो फार आवडतो, पाठीवर कोणी थोपटल्यासारखा.

कणीक मळताना मागचा आवाज गेला होता.

पुढून येत होता, मागून नव्हता. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये कोणी गादी उभी करून ठेवली तर जसा अडकेल, तसा अडकला होता. त्याने बाही झटकली आणि तो परत आला.

मी स्वतःशी वाद घातला. चादर वाळत टाकली असेल तर आवाज अडतो. चादर खाटेवर होती. दार उघडं असलं तर आवाज निसटतो. दार बंद होतं. डॉक्टरांनी सांगितलंय, तुला आवाज इतरांपेक्षा जास्त जाणवतात. जास्त जाणवतात म्हणाले होते, गेलेले जाणवतात असं नव्हते म्हणाले. मग मी चहा केला आणि ठरवलं की हा विषय माझ्या घरात नको.

दोन दिवसांनी परत तेच. मी टोमॅटो चिरत होते. खांदा, तळवा, मुठी. आणि मागचा आवाज नाही. नंतर कितीदा झालं ते मी मोजलं नाही, मुद्दाम मोजलं नाही. प्रत्येक वेळी दुपारी, प्रत्येक वेळी लख्ख उजेडात, मी ओट्याशी असताना. तो गेल्यावर मी खाट ओढून बघायची, न्हाणीघरात बघायची. आणि लोकेशला फोन करायचा नाही, हे स्वतःला बजावायची. फोन केला की टेम्पो. टेम्पो म्हणजे परत पाचवरचा पंखा, भातात मिसळलेली भाजी, आणि सगळ्यांच्या तोंडावर तो चेहरा: बघ, आम्ही म्हणत होतो.

६

शेवटी मी खात्यात गेले. मला अनोळखी ठिकाणी जायला आवडत नाही, पण राग आला की जमतं. वर जिना चढून त्याच्या मागापाशी उभी राहिले. त्याने मला ओळखलं आणि बाहेर ओटीवर आला, जिथे थोडं ऐकू येतं. त्याचं नाव हिलाल, शिरपूरकडचा, घरी अहिराणी बोलणारा.

मी म्हटलं, "काका, माझी मस्करी करायची नाही. मी एकटी राहते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, जोडवी आहेत का ते. "एकली ऱ्हास?"

"हो. एकटी."

"मंग मांगे उभा ऱ्हास तो कोन शे?"

माझा चेहरा त्याने बघितला. तो एकदम वरमला. त्याची काही चूक झाली असं त्याला वाटलं. म्हणाला, "माले वाटनं तुमना घरना मानूस शे. सासरा नहीं तर जेठ. तो मांगे उभा राहीसन तुमले काम करतांना देखस. म्हनीसन मी खूण करू." म्हणजे त्याला वाटलं होतं, घरातलं कोणी वडीलधारं माझ्या मागे उभं राहून काम बघतं. मग बिचारी गप्पा मारताना पकडली जाऊ नये म्हणून तो मला सावध करत होता. कारीगराने कारीगराला करावं तसं. आणि मी त्याला बेशरम म्हटलं होतं.

मी विचारलं, "कसा दिसतो?"

त्याने गळ्यातला रुमाल ओढला. रुमालाने हात पुसले. खूप वेळ पुसले. मग त्याने सांगायचं सोडून दिलं आणि अंगठा ओठाला लावला, चहा पिता का म्हणून. मला चहा नको होता, पण मी प्यायले.

घरी येताना मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगते, मला आनंदही होत होता. मला भास होत नव्हता. आवाज खरंच अडत होता. आजवर मला सगळ्यांनी सांगितलं की तुलाच काहीतरी वाटतं, आणि आता एक परका माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगत होता की नाही, आहे.

७

त्यानंतरच्या आठवड्यात हिलालकाकांच्या जागी दुसरा कारीगर उभा होता. बारीक, कानात तारा, मोबाइलवर गाणी ऐकणारा. मी अंगठा ओठाला लावला तर त्याने भलताच अर्थ काढला, म्हणून मी खिडकीला अर्धा पडदा लावला. खाली विचारलं तर कळलं की हिलालकाका सुरतेबाहेर सचिनच्या कारखान्यांकडे गेले, तिकडे जास्त दिवस काम मिळतं म्हणून. बाकी काही नाही.

आता माझ्या समोर कोणी नव्हतं. मागचा आवाज जायचा, मी हात चालू ठेवायची, आणि गेला की नाही हे सांगायला कोणी नाही. आवाज परत आला की मी समजायची गेला. पण खात्याला सुट्टी असायची त्या दिवशी पुढून आवाज नाही, मागून आवाज नाही. त्या दिवशी मी ओट्याशी जायचीच नाही. पाव खायची, खाटेवर, भिंतीला पाठ टेकून.

वळून का बघितलं नाहीस, असं तुम्ही विचाराल. मी रोज ठरवायची. पण बाबांनी शिकवलं होतं की वळायचं नाही, हात चालू ठेवायचे, मग काही होत नाही. आणि खरंच काही होत नव्हतं. माझं घर शाबूत होतं. जयंती जवळ आली होती. मी आईला सांगायची, मजेत आहे, आणि बाकीचा दिवसभर मी असायचीही.

८

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लोकेश आणि बाबा आले. लोकेशच्या केसांत अजून निळा गुलाल होता. त्याने टेम्पो आणला होता. मी खिडकीतून वाकून बघितलं तर तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, सामान भरायलाच आल्यासारखा.

लोकेशने सगळं तपासलं. डबे उघडले, गॅसची नळी बघितली, न्हाणीघरात डोकावला, कडी लावून-काढून बघितली. त्याला काही सापडलं नाही, कारण माझं घर नीट असतं. तो खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "कोणी येत-जात नाही ना इथे?"

"नाही. मी एकटी राहते."

"घाबरली नाहीस?"

"फोन केला का मी?"

तो हसला. "चल, मानलं दीदी. घर तुझं." मग म्हणाला, टेम्पोत कूलर आहे, तुझ्यासाठी घेतलाय, नापास झाली असतीस तर तोच कूलर नवागामला नेणार होतो. असला आहे माझा भाऊ. तो कूलर आणायला खाली गेला आणि मी घराच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवले, मला खूप आनंद झाला की मी हलवते तसे. बाबा हसले. त्यांना ते आवडतं.

वाळलेली निळी चादर घडी घालायची होती. एक टोक मी धरलं, एक बाबांनी. बाबांची पाठ खिडकीकडे, माझी भिंतीकडे. समोरून मागांचा आवाज येत होता. आम्ही चादर ताणली, पहिली घडी घातली.

मागचा आवाज गेला.

मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्याच्या वर बघत होते. त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला झाला होता. मग चादरीचं टोक एका हातात धरून त्यांनी दोन बोटं खांद्यावर ठेवली. पालथा तळवा खाली. मुठी एकमेकींभोवती.

आम्ही चादर घडी केली, उघडली, परत घडी केली. बाबांच्या गळ्यापर्यंत घाम आला. माझं तोंड बंद पडलं होतं, पण आत माझ्या बापाला दिसतंय, माझ्या बापाला दिसतंय, असं चाललं होतं आणि मला रडू येत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. बाबांनी बाही झटकली. गेला.

बाबा माझ्या बाजूने पलीकडे गेले. भिंतीला तळवा लावून बघितला, खाटेखाली वाकून बघितलं. मग तिथेच, भिंतीला पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी आता खिडकीपाशी होते. त्यांनी बोटांनी विचारलं, घरी येतेस? मी मान हलवली. नाही. हेच माझं घर. बाबांनी डोळे मिटले आणि हो म्हटलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि जमिनीकडे दाखवलं: मी इथे राहतो, तुझ्या समोर. त्यांनी चादरीचं टोक परत उचललं.

तेव्हा मला दिसलं. हिलालकाका उभे असायचे त्या बाजूने, पहिल्यांदा. बाबांच्या मागे, बाबांहून उंच. मी वर बघितलं नाही, फक्त हात बघितले. दोन हात बाबांच्या कंबरेच्या बाजूंनी पुढे आले होते आणि रिकामेच हलत होते. आमच्यासारखी चादर घडी घालत होते, नीट, टोकाला टोक लावून.

माझी बोटं आपोआप खांद्यावर गेली. तळवा. मुठी. बाबांनी माझ्या बोटांकडे बघितलं आणि ते वळले नाहीत. मागावर आयुष्य गेलेला माणूस, तो वळणार नव्हता. त्यांनी चादर ताणली. आम्ही घडी घालू लागलो.

जिन्यात लोकेशचा आवाज आला, टेम्पोवाल्याला सांगत होता, सांभाळ, कोपरा लागेल. मला ओरडून सांगायचं होतं, येऊ नकोस. तोंड उघडलं नाही. दार पायाने ढकललं गेलं. टेम्पोवाला दारातूनच परत फिरला, लोकेश कूलर घेऊन आत आला, तो खाली ठेवला, घाम पुसला आणि बाबांच्या मागे बघून, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाला, "जय भीम."

लोकेश उत्तराची वाट बघत तसाच हात जोडून उभा राहिला. मी त्याला खूण केली, खांदा, तळवा, मुठी. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला, त्याला काही कळलं नाही, आणि त्याचा चेहरा पडला.

"दीदी," तो म्हणाला, "तू तर म्हणालीस एकटी राहतेस."

मी हात चालू ठेवले.